बेरीज पाच-पाच, मग कप कुणाचा? कोपा लिबर्तादोरेसच्या फायनलचं गणित

पहिला सामना इक्वादोरच्या कीतोत: लिगा दे कीतो ४, ब्राझीलचा फ्लुमिनेन्से २. आठवड्याभराने दुसरा रिओच्या माराकाना स्टेडियमवर: फ्लुमिनेन्से ३, लिगा १. दोन्ही मिळून पाच-पाच. वर्ष २००८, स्पर्धा कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यांत मानाची स्पर्धा. आता कप कुणाला द्यायचा?

त्या काळात फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: अवे गोल मोजा. बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो जिंकला. फ्लुमिनेन्सेने कीतोत दोन मारले होते, लिगाने रिओत एकच. म्हणजे कप फ्लुमिनेन्सेचा.

पण तो गेला लिगाकडे. कारण लिबर्तादोरेसमध्ये अवे गोलचा नियम सेमीफायनलपर्यंतच चालायचा, फायनलला नाही. जादा वेळ खेळवला, गोल झाला नाही. मग पेनल्टी शूटआऊट. लिगाचा गोलकीपर होसे फ्रान्सिस्को सेवाय्योसने तीन पेनल्टी अडवल्या आणि इक्वादोरमध्ये हा कप पहिल्यांदाच गेला. यातली खरी गंमत सेमीफायनलमध्ये आहे. तिथे लिगाने मेक्सिकोच्या क्लुब आमेरिकाशी १-१ आणि ०-० अशी बरोबरी केली होती आणि ती पुढे आली ती निव्वळ अवे गोलच्या जोरावर. म्हणजे ज्या नियमाने तिला फायनलला आणलं, तोच नियम फायनलला लागू असता तर ती हरली असती.

फायनल किती सामन्यांची, कुठे खेळवायची आणि बरोबरी सुटली नाही तर काय करायचं, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. पण या स्पर्धेच्या साठ-पासष्ट वर्षांत त्यांची उत्तरं इतक्यांदा बदलली आहेत की काही वेळा तेच गोल, तेच स्कोअर असूनही दुसऱ्या वर्षीच्या नियमाने चॅम्पियन दुसराच निघाला असता.

गोल नव्हे, गुण

स्पर्धा १९६० साली सुरू झाली, सात देशांच्या सात क्लबांना घेऊन. पहिल्या फायनलला उरुग्वेच्या पेन्यारोलने पाराग्वेच्या ओलिंपियाला मोंतेविदेओत १-० हरवलं, आसुन्सिओनमध्ये १-१ बरोबरी केली आणि कप घेतला. एक सामना तुमच्या गावात, एक आमच्या गावात. क्लबांचं पोट त्या काळी तिकीटविक्रीवर चालायचं, त्यामुळे घरचा एक सामना हातचा जाऊ देणं कुणाला परवडणारं नव्हतं. शिवाय हा प्रचंड खंड. तिसऱ्याच शहरात फायनल ठेवली तर दोन्हीकडचे लोक तिथे पोचणार कसे?

इथवर सगळं सरळ आहे. गुंता हिशोबात होता. आज आपल्याला वाटतं की दोन सामन्यांचे गोल एकत्र मोजले की झालं. तेव्हा गोलांची बेरीज होत नसे, गुण मोजले जात. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. तुम्ही ५-० जिंका की १-० जिंका, गुण दोनच. दोघांनी एकेक सामना जिंकला की दोघेही दोन-दोन गुणांवर, आणि मग तटस्थ मैदानावर तिसरा सामना.

१९६६ सालचं उदाहरण घ्या. पेन्यारोलने ब्वेनोस आयरेसच्या रिव्हर प्लेटला घरी २-० हरवलं. रिव्हरने परतीचा सामना ३-२ जिंकला. गोल मोजले तर पेन्यारोल ४, रिव्हर ३. आजच्या हिशोबाने विषय संपला. पण गुण सारखे, म्हणून सगळा लवाजमा चिलेच्या सान्तियागोला. तिथे रिव्हरने मध्यंतरापर्यंत दोन गोलांची आघाडी घेतली. त्या संघात दानिएल ओनेगा होता, ज्याने त्या एका स्पर्धेत १७ गोल केले. हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पण दुसऱ्या हाफमध्ये पेन्यारोलने दोन्ही गोल फेडले, जादा वेळेत आणखी दोन मारले आणि ४-२ ने कप नेला. दोन गोलांची आघाडी घालवल्याचं रिव्हरला काय मिळालं? पुढच्या एका लीग सामन्यात बानफिल्ड क्लबच्या प्रेक्षकांनी मैदानात एक पांढरी कोंबडी सोडली, अंगावर रिव्हरच्या जर्सीसारखा लाल पट्टा रंगवून. तेव्हापासून रिव्हरवाल्यांना ‘कोंबड्या’ म्हणून चिडवतात. आता तर ते स्वतःही हे नाव हौसेने मिरवतात.

तिसऱ्या सामन्याची पद्धत मला मनापासून आवडते, हे कबूल करतो. एकेक घरच्या मैदानावर, मग परक्या जागी सोक्षमोक्ष; यात तक्रारीला फार जागा उरत नाही. पण या पद्धतीच्या पोटात एक कलम दडलेलं होतं: तिसरा सामनाही जादा वेळेनंतर बरोबरीतच राहिला, तर पहिल्या दोन सामन्यांतला गोलफरक बघायचा. तोही सारखा असेल तरच पेनल्टी.

१९८५ मध्ये कोलंबियाच्या आमेरिका दे काली क्लबवर पेनल्टीची वेळ आली. आर्जेंटिनाच्या आर्जेन्तिनोस जुनियर्सविरुद्ध दोन्ही संघांनी आपापल्या घरी १-० असा विजय मिळवलेला, तिसरा सामना १-१, गोलफरकही सारखा. शूटआऊटमध्ये काली हरली. १९८६ च्या फायनलला पुन्हा हरली, या वेळी रिव्हरकडून. आणि मग आलं १९८७. समोर पेन्यारोल. कालीने घरचा सामना २-० जिंकला. मोंतेविदेओत पेन्यारोलने २-१ जिंकला, तोही शेवटच्या काही मिनिटांतल्या गोलवर. गुण दोन-दोन. गोलांमध्ये काली ३-२ ने पुढे.

म्हणजे सान्तियागोच्या तिसऱ्या सामन्यात कालीला जिंकण्याची गरजच नव्हती. १२० मिनिटं गोल खायचा नाही, एवढंच काम. नव्वद मिनिटं झाली, ०-०. जादा वेळेचा पहिला भाग संपला, दुसराही संपत आला. घड्याळात सेकंद उरलेले, कालीच्या बाकावरचे लोक उठून उभे. आणि १२० व्या मिनिटाला पेन्यारोलच्या दिएगो आगिरेने डाव्या बाजूने आत घुसून चेंडू दूरच्या कोपऱ्यात मारला. पुन्हा सुरुवात करून काही घडवण्याएवढा वेळच उरला नव्हता. सलग तीन फायनल, तिन्ही हरलेल्या. काली १९९६ मध्ये चौथ्यांदा फायनलला पोचली आणि तिथेही हरली. हा कप आजवर तिच्याकडे आलेला नाही.

आता हिशोब करून बघा. त्या वर्षी दोन सामन्यांची बेरीज धरायची पद्धत असती, तर मोंतेविदेओत २-१ हरूनही काली ३-२ ने चॅम्पियन होती. आणि बेरजेची पद्धत कधी आली? पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये. तिसरा सामना कायमचा गेला. दैवाने कालीची इतकी थट्टा करायला नको होती.

परतीचा सामना आणि पातळ हवा

बेरजेची पद्धत आली तेव्हा भाव वधारला परतीच्या सामन्याचा. तो घरी मिळावा म्हणून संघ गटफेरीपासून जिवाचं रान करतात, कारण गुणांच्या क्रमवारीत वर असलेल्याला परतीचा सामना घरी मिळतो. फायदा दुहेरी आहे. एक तर पहिल्या सामन्याचा निकाल माहीत असल्याने नेमकं किती करायचंय ते ठाऊक असतं. दुसरं, जादा वेळ किंवा पेनल्टीची वेळ आली तर तीही आपल्याच लोकांसमोर. अर्थात फ्लुमिनेन्सेला विचाराल तर ते सांगतील, भरलेलं माराकाना मागे असलं तरी पेनल्टी आपोआप आत जात नाही.

पहिला सामना घरी असणाऱ्याचं हुकमी पान कधीकधी भूगोल असतो. कीतो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात जाणारा ऑक्सिजन कमी. रिओसारख्या समुद्रकाठच्या शहरातून आलेल्या खेळाडूला एक धाव घेतल्यावर दुसरीसाठी दम लवकर परत येत नाही. चेंडूचंही वागणं बदलतं: हवा विरळ म्हणून अडथळा कमी, लांबचा शॉट अपेक्षेपेक्षा जोरात येतो आणि वळायचा तेवढा वळत नाही. २००८ च्या त्या पहिल्या सामन्यात मध्यंतरालाच लिगा ४-१ ने पुढे होती. पण नुसत्या उंचीने कप मिळत नाही हेही खरं. ला पास तर कीतोहून बरंच वर, तरी बोलिव्हियाचा एकही क्लब आजवर लिबर्तादोरेसच्या फायनलला पोचलेला नाही. घरी दमछाक करता येते, पण खाली उतरून परतीचा सामनाही खेळावा लागतोच.

आणखी एक अट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: फायनलच्या स्टेडियमची क्षमता. २००५ मध्ये ब्राझीलचा आत्लेतिको पारानाएन्से फायनलला पोचला, पण फायनलसाठी ४०,००० प्रेक्षकांची अट आणि त्यांचं कुरितिबातलं मैदान लहान. शेवटी त्यांना ‘घरचा’ सामना दुसऱ्या राज्यात, पोर्तो आलेग्रेला जाऊन खेळावा लागला. तिथे १-१, आणि मग साओ पावलोने आपल्या मोरुम्बी मैदानावर त्यांना ४-० ने धुतलं. १९८९ साली आत्लेतिको नासिओनालही याच कारणाने मेदेयीन सोडून बोगोताला खेळला होता. त्यांनी मात्र २-० ची पिछाडी भरून काढली, रेने इगिताने शूटआऊटमध्ये चार पेनल्टी अडवल्या आणि कोलंबियाला पहिला कप मिळाला.

माद्रिदमधली फायनल

२०१८ च्या फेब्रुवारीत कोन्मेबोलने, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने, ठरवलं की २०१९ पासून फायनल एकाच सामन्याची, आधीच ठरलेल्या शहरात. युरोपात १९५६ पासून असंच चालत आलंय. एका सामन्याचा सोहळा करता येतो, जाहिरातदारांना जागा आणि तारीख वर्षभर आधी कळते, टीव्हीच्या हक्कांना भाव येतो. बक्षिसाची रक्कमही वाढत गेली. २०२४ च्या चॅम्पियनला फायनलचे म्हणून २ कोटी ३० लाख डॉलर मिळाले.

म्हणजे २०१८ ची फायनल ही दोन सामन्यांची शेवटची. आणि नेमकी तीच आली बोका जुनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट. एकाच शहरातले कट्टर वैरी, फायनलला पहिल्यांदाच आमनेसामने. बोकाच्या मैदानावरचा सामना मुसळधार पावसाने एक दिवस पुढे गेला आणि २-२ सुटला. आर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना बंदी असल्याने दोन्ही सामन्यांना फक्त यजमानांचेच लोक येणार होते. २४ नोव्हेंबरला बोकाची बस रिव्हरच्या स्टेडियमकडे निघाली. शेवटच्या वळणावर रिव्हरचे लोक रस्त्याच्या कडेला दाटीने उभे होते. दगड-बाटल्या आल्या, खिडक्या फुटल्या, पोलिसांनी सोडलेला मिरपुडीचा फवारा फुटक्या काचांतून बसमध्ये शिरला. कर्णधार पाब्लो पेरेसच्या डोळ्याला काच लागली, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सामना त्याच दिवशी आधी एक तास, मग आणखी पुढे, मग दुसऱ्या दिवसावर ढकलला. आणि दुसऱ्या दिवशीही झाला नाही.

शेवटी ९ डिसेंबरला तो झाला माद्रिदच्या सान्तियागो बेर्नाबेऊवर, ब्वेनोस आयरेसपासून सुमारे दहा हजार किलोमीटरवर. बोकाने बेनेदेत्तोच्या गोलने आघाडी घेतली, प्रात्तोने बरोबरी केली, जादा वेळेत किंतेरोचा लांबून मारलेला शॉट बारला लागून आत गेला. अगदी शेवटी बोकाचा गोलकीपरही गोलसाठी पुढे गेला होता. मोकळ्या गोलात पिती मार्तिनेसने चेंडू ढकलला आणि रिव्हर ३-१ ने जिंकली. सामना चांगला झाला, पण रिव्हरचं आयुष्यभर तिकीट काढणारं माणूस घरी टीव्हीसमोर बसलं आणि त्याच्या हक्काचा सामना स्पेनमध्ये झाला. दोन सामन्यांच्या पद्धतीविरुद्ध यापेक्षा जोरदार पुरावा कुणाला शोधूनही मिळाला नसता. मला मात्र यात दोष पद्धतीचा नाही, बंदोबस्ताचा दिसतो.

तटस्थ, पण कागदावर

एकच सामना आल्यावर नियम सुटसुटीत झाले. नव्वद मिनिटं, लागली तर तीस मिनिटं जादा, मग पेनल्टी. (आधीच्या बाद फेऱ्यांत अजूनही दोन-दोन सामने असतात, पण तिथे बेरीज सारखी झाली की जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. आणि अवे गोलचा नियम २०२२ पासून बंदच केला.) गुण, गोलफरक, तिसरा सामना, सगळी भानगड मिटली.

नवी भानगड जागेची. शहर ठरतं ते फायनलचे संघ माहीत होण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे मुलगा-मुलगी ठरायच्या आधीच कार्यालय बुक करून टाकायचं. पहिल्याच वर्षी, २०१९ ला, सान्तियागो ठरलं होतं. ऑक्टोबरात चिलेत मोठी आंदोलनं पेटली आणि ऐनवेळी फायनल लिमाला हलवावी लागली. रिओहून लिमा साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त, वाटेत अँडीज, रेल्वे नाही. फ्लामेंगोचे लोक तरीही पोचले, काहीजण तर कित्येक दिवसांचा बसप्रवास करून. सामना रिव्हरच्या मुठीत होता. बोर्रेने १४ व्या मिनिटाला गोल केलेला आणि ८८ मिनिटांपर्यंत तोच एक. मग गाब्रिएल बार्बोसाने ८९ व्या मिनिटाला एक आणि जादा दिलेल्या दुसऱ्या मिनिटाला दुसरा मारला. फ्लामेंगो १९८१ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन. दोन सामन्यांची फायनल असती तर इतक्या उशिरा, इतक्या घाईने कुणी सगळी माणसं पुढे पाठवली असती का? परक्या ठिकाणी १-० हरलेला संघ मुकाट्याने घरी येऊन परतीची तयारी करतो.

२०२३ ला फायनल माराकानावर ठरली आणि तिथे पोचला फ्लुमिनेन्से, ज्याचं ते रोजचं मैदान. कपडे बदलायची खोली ओळखीची, गवत ओळखीचं, प्रवास शहरातल्या शहरात. बोकाच्या समर्थकांचे लोंढे रिओत आले, पण त्यांच्या क्लबला ब्वेनोस आयरेसमध्ये सामना मिळणार नव्हता. जॉन केनेडीच्या जादा वेळेतल्या गोलने फ्लुमिनेन्से २-१ ने जिंकली. गोल साजरा करायला तो थेट प्रेक्षकांत घुसला आणि दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला. पंधरा वर्षांपूर्वी हुकलेला कप अखेर आला. बिनतोड विजय, पण या फायनलला तटस्थ म्हणायला जीभ वळत नाही.

हाच पेच आफ्रिकेत जास्त चिघळला. तिथल्या चॅम्पियन्स लीगची फायनलही २०२० पासून एका सामन्याची केली. २०२२ ला ती मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला होती आणि फायनलला पोचला कासाब्लांकाचाच विदाद. इजिप्तच्या अल अहलीने आधीच जोरदार हरकत घेतली, उपयोग झाला नाही. विदाद २-० ने जिंकला. पुढच्याच वर्षी आफ्रिकेच्या महासंघाने माघार घेऊन पुन्हा दोन सामने सुरू केले. २०२३ च्या फायनलला हेच दोघे भेटले: कैरोत अल अहली २-१, कासाब्लांकात १-१, कप अल अहलीकडे. इतका स्वच्छ प्रयोग फुटबॉलमध्ये क्वचित बघायला मिळतो.

दक्षिण अमेरिकेत मात्र परत फिरण्याची चिन्हं नाहीत. २०१९ ते २०२५ या सातही फायनल ब्राझीलच्याच क्लबांनी जिंकल्या, त्यातल्या पाचांत तर समोरचा संघही ब्राझीलचाच होता. पैसा तिकडे जास्त आहे, चांगले खेळाडू तिकडे जातात. एका सामन्याच्या फायनलमुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण लिगासारखा संघ डोंगरावर चार गोल करून ठेवायचा आणि मग खाली जाऊन तग धरायचा, तो रस्ता आता फायनलपुरता बंद आहे.

एका सामन्याच्या बाजूने बोलायचं तर २०२४ ची फायनल पुढे करावी लागेल. ब्वेनोस आयरेसला बोताफोगो विरुद्ध आत्लेतिको मिनेइरो, दोन्ही ब्राझीलचे, म्हणजे जागा खरोखरच तटस्थ. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच बोताफोगोचा मिडफिल्डर ग्रेगोरेने पाय इतका वर उचलला की त्याचा बूट समोरच्या खेळाडूच्या डोक्याला लागला. थेट लाल कार्ड. दोन सामन्यांची फायनल असती, तर कोणत्याही प्रशिक्षकाने तिथेच ठरवलं असतं की आज कमीत कमी नुकसान करून घ्यायचं, उरलेलं पुढच्या आठवड्यात बघू. इथे पुढचा आठवडा नव्हता. प्रशिक्षक आर्तुर जॉर्जने घाईने बदली खेळाडू पाठवला नाही, आहेत त्या दहा जणांनाच पुढे खेळत ठेवलं, आणि मध्यंतराला बोताफोगो २-० ने पुढे होतं. मिनेइरोने दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच एक गोल फेडला आणि मग एका जास्तीच्या माणसासह उरलेला सगळा वेळ धडका मारल्या. अगदी शेवटी बोताफोगोने तिसरा गोल मारला, आणि त्यांचा तो पहिलाच लिबर्तादोरेस कप.